'पहिली नोकरी पक्की' : राहुल गांधींची हमी नेमकी काय होती आणि कायद्यात बसवायची तर कुठे अडते?

मोडी_वाचक

अभ्यासगटात पुढच्या आठवड्यात गटचर्चा आहे. विषय : विरोधी पक्षनेत्याची युवकविषयक धोरणे. टाळ्या, शिट्ट्या आणि 'खटाखट'ची मीम्स बाजूला ठेवून मुद्द्याचं हवं आहे. २०२४ च्या काँग्रेस जाहीरनाम्यातलं 'युवा न्याय' प्रकरण वाचलं. ३० लाख पदांची भरती, पंचविशीच्या आतल्या प्रत्येक पदवीधर-पदविकाधारकाला वर्षभर अप्रेंटिसशिप आणि वर्षाला एक लाख, पेपरफुटीवर कायदा, अग्निपथ (सैन्यातली चार वर्षांची भरती) रद्द, परीक्षा शुल्क माफ, स्टार्टअपसाठी ५,००० कोटींचा निधी.

अडतं ते इथे :
१) 'पहिली नोकरी पक्की' ही नोकरी आहे की प्रशिक्षण?
२) अप्रेंटिस कायदा १९६१ पासून आहेच, मग यात नवीन काय?
३) जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पातली पीएम इंटर्नशिप हीच कल्पना उचलून आणली असं म्हणतात. खरं आहे का?
४) ३० लाख हा आकडा कुठून आला?

कुणाची बाजू घ्यायची नाहीये. समोरच्याने आकडा फेकला तर तो कुठे बसतो एवढं कळलं की झालं.

---

आकृतिबंध

क्रमांक १ चं उत्तर सोपं आहे. नाव 'नोकरी', मजकूर 'प्रशिक्षण'. ७ मार्च २०२४ ला राजस्थानातल्या बांसवाड्याच्या सभेत घोषणा झाली तेव्हा भाषणात नोकरीचा सूर होता. ५ एप्रिलला आलेल्या जाहीरनाम्यात मात्र १९६१ च्या कायद्याऐवजी 'अप्रेंटिसशिपच्या हक्का'चा नवा कायदा, एक वर्षाची मुदत आणि वर्षाला एक लाख असं स्पष्ट आहे. वर्ष संपल्यावर कंपनीने कायम करावं अशी सक्ती त्यात नाही. गटचर्चेत कुणी 'नोकरीची हमी' म्हणालं तर तिथेच थांबवा.

आणखी एक गोंधळ आधीच मिटवून घ्या. 'खटाखट' हे प्रामुख्याने महालक्ष्मी योजनेबद्दल होतं, म्हणजे गरीब कुटुंबातल्या एका महिलेला वर्षाला एक लाख. अप्रेंटिसचा लाख वेगळा. दोन्हींचा महिन्याचा आकडा साडेआठ हजारांच्या आसपास येतो, म्हणून मीमवाल्यांनी दोन्ही एकाच भांड्यात ढवळले.

क्रमांक ४. सरकारने संसदेत दिलेली आकडेवारी १ मार्च २०२१ ची आहे. केंद्राच्या मंत्रालयांत आणि विभागांत मंजूर पदे ४०.३५ लाख, भरलेली ३०.५६ लाख, रिक्त ९.७९ लाख. जून २०२२ मध्ये पंतप्रधानांनी दीड वर्षात १० लाख पदे भरण्याची घोषणा केली आणि त्या ऑक्टोबरपासून रोजगार मेळावे सुरू झाले, ते याच आकड्याच्या आधारावर. आता ९.७९ वरून ३० लाखांवर जायचं तर सार्वजनिक उपक्रम, सरकारी बँका, केंद्रीय विद्यापीठे, सैन्यदले आणि राज्यांनी चालवायच्या पण केंद्राचा पैसा असलेल्या शाळा-आरोग्य योजना हे सगळं एकत्र धरावं लागतं. जाहीरनाम्याचे शब्द आहेत केंद्र सरकारमधल्या विविध स्तरांवरच्या मंजूर पदांचे. शिक्षक आणि आरोग्यसेविका ही पदे राज्याच्या आकृतिबंधातली, म्हणजे मंजूर पदांच्या तक्त्यातली. ती भरायची चावी दिल्लीत नाही.

म्हणजे ३० लाख हा हवेतला आकडा नाही, पण 'केंद्राने मनावर घेतलं की भरली' असाही नाही. शिवाय मंजूर पद आणि भरण्यायोग्य पद यांत फरक असतो. आकृतिबंधात पद असतं, पण वित्त विभागाची मान्यता, बिंदुनामावली (आरक्षणाचा क्रम) तपासणी, पदोन्नती आणि सरळसेवेचं प्रमाण यातून गेल्यावरच जाहिरात निघते. बिंदुनामावली अडली की वर्ष गेलं समजा.

---

बोर्डाच्या_खिडकीतून

क्रमांक २ वर विस्ताराने लिहितो, कारण भाषणं देणारे आणि त्यांची टर उडवणारे दोघेही चुकतात ते इथेच.

१९६१ च्या कायद्यात आज काय आहे ते आधी बघा. २०१४ च्या दुरुस्तीने बिगर-अभियांत्रिकी पदवीधरही आत आले. २०१९ च्या नियमदुरुस्तीनंतर ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार (अप्रेंटिस) घेणं बंधनकारक झालं, ४ ते २९ वाल्यांना ऐच्छिक. किती घ्यायचे? एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के, आणि मनुष्यबळात कंत्राटी कामगारही मोजायचे. ४०० माणसांच्या कारखान्याने किमान १०, कमाल ६०.

विद्यावेतनाचा किमान दर २०१९ च्या नियमांत असा ठरला : पाचवी ते नववी ५,०००, दहावी ६,०००, बारावी आणि आयटीआय ७,०००, पदविका ८,०००, पदवी ९,०००. आता गुणाकार करा. पदवीधराचे ९,००० गुणिले १२ म्हणजे १,०८,०००. राहुल गांधींचा लाख त्याहून आठ हजारांनी कमी! पदविकाधारकाचे ९६,०००, म्हणजे त्याला वर्षाकाठी चार हजार जास्त. आणि मे २०२५ मध्ये केंद्रीय अप्रेंटिसशिप परिषदेने ३६ टक्के वाढीची शिफारस केली आहे, ५,०००–९,००० वरून ६,८००–१२,३०० पर्यंत. त्या दराने पदवीधराचा आकडा दीड लाखाच्या जवळ जातो.

तेव्हा 'एवढे पैसे आणणार कुठून' हा विरोधकांचा लाडका प्रश्न आणि 'एक लाख देणार' ही समर्थकांची लाडकी घोषणा, दोन्ही नेमक्या चुकीच्या जागी बोट ठेवतात. हमीत नवीन आहे तो 'हक्क' हा शब्द. आजचा कायदा मालकावर बंधन घालतो, पण उमेदवाराला हक्क देत नाही. उमेदवाराने अर्ज केला आणि जागा मिळाली नाही तर त्याला कुणाच्या दारात जाता येत नाही.

आणि मालकावरचं बंधनही किती पातळ आहे बघा. २०१४ मध्ये कैदेची तरतूद काढली. उरला दंड : कमी पडलेल्या प्रत्येक जागेमागे पहिले तीन महिने दरमहा ५००, पुढे दरमहा १,०००. वर्षभर एकही उमेदवार घेतला नाही तर एका जागेचा दंड येतो १,५०० अधिक ९,०००, म्हणजे १०,५००. पदवीधर घेतला आणि निम्मं विद्यावेतन सरकारने दिलं तरी मालकाचा खर्च ४,५०० गुणिले १२, म्हणजे ५४,०००, वर देखरेख करणाऱ्याचा वेळ वेगळा. हिशेब येणारा कुठलाही व्यवस्थापक दंड भरेल. तोही कुणी मागायला आलं तर.

नवा कायदा लिहिणाऱ्याला ही दरी बुजवावी लागेल. दंड विद्यावेतनाच्या वर न्यायचा किंवा मालकाचा वाटा जवळपास शून्यावर आणायचा. पहिल्यात उद्योगांचा ओरडा, दुसऱ्यात तिजोरीचा.

---

सदाशिव_पेठी

@बोर्डाच्या_खिडकीतून, मांडणी उत्तम, पण एक बाजू राहिली. कंपन्या चुकवतात हे खरं, पण शिकाऊ उमेदवाराला कामगार कायदे लागू नाहीत हेही त्याच कायद्यात आहे. भविष्यनिर्वाह निधी नाही, ईएसआय (कामगार विमा) नाही. मग सक्ती वाढवली की काही कारखाने काय करतील? कंत्राटी पोरांना काढून त्यांच्या जागी अप्रेंटिस उभे करतील आणि दर वर्षी नवी तुकडी फिरवतील. यंत्रावर उभा राहणारा हात तोच, कागदावर 'प्रशिक्षण'. विरोधी पक्षनेता एकीकडे कंत्राटीकरणाविरुद्ध बोलतो आणि दुसरीकडे त्याच दाराची कडी काढतो. उत्तर द्या.

---

बोर्डाच्या_खिडकीतून

मुद्दा बरोबर आहे, आणि १५ टक्क्यांची कमाल मर्यादा ठेवली आहे ती त्याचसाठी. पण ती मर्यादा कंत्राटी धरून मोजलेल्या मनुष्यबळावर आहे. कंत्राटी जितके जास्त, तितके अप्रेंटिसही जास्त घेता येतात. तेव्हा तुमची शंका सुटत नाही, थोडी आटोक्यात राहते इतकंच.

कायम करण्याबद्दल : कायद्याने मालक बांधील नाही, भरतीचं धोरण ज्याचं त्याने ठरवायचं. उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये म्हटलं की इतर बाबी समान असतील तर प्रशिक्षित अप्रेंटिसला थेट उमेदवारापेक्षा प्राधान्य द्यावं. 'इतर बाबी समान' या तीन शब्दांत सगळं आलं. त्याने नोकरीचा हक्क मिळत नाही.

---

रोहयो_७७

'हक्क' कसा असतो हे बघायला बांसवाड्याला जायची गरज नाही, आपल्याकडे नमुना आहे. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. वि. स. पागे यांची ती कल्पना. 'मागेल त्याला काम' ही घोषणा टिकली ती दोन गोष्टींमुळे. एक, काम दिलं नाही तर बेकारी भत्ता द्यायची जबाबदारी कायद्यात लिहिली. दुसरी, वेगळा पैसा. पगारपत्रकात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात तो व्यवसाय कर १९७५ मध्ये आला तो रोजगार हमीसाठीच. शहरातला पगारदार गावातल्या मजुराच्या कामाचा पैसा देत होता, बहुतेकांना आज पत्ताही नाही.

पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्यातही १५ दिवसांत काम नाही दिलं तर पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान पाव आणि पुढे किमान निम्मा भत्ता, तोही राज्याने द्यायचा, असं ठेवलं. भत्ता भरावा लागणारा कोण आणि काम काढणारा कोण हे कायद्यात नाव घेऊन लिहिलं होतं. तरी प्रत्यक्षात भत्ता क्वचितच मिळे, कारण मागणीची दिनांकित पावतीच दिली जात नसे. पावती नाही तर १५ दिवस मोजायचे कुठून?

अप्रेंटिसच्या हक्काला हे तिन्ही प्रश्न लागू पडतात. अर्जाची पावती कोण देणार? किती दिवसांत जागा द्यायची? नाही दिली तर लाख कोण देणार, केंद्र, राज्य की कंपनी? जाहीरनाम्याच्या ओळींत एवढा तपशील बसत नाही हे मान्य, पण गटचर्चेत 'हक्क' शब्द कुणी वापरला की हे तीन प्रश्न विचारा.

आणि एक फरक विसरू नका. रोहयोत काम सरकार काढतं : नालाबांध, पाझर तलाव, रस्ता. इथे काम दुसऱ्याच्या कारखान्यात आहे. तालुक्याला कारखानाच नसेल तर हक्क बजावायला पोरगं जाणार कुठे? गडचिरोलीचा बी.ए. झालेला मुलगा साडेआठ हजारांत चाकणला खोली घेऊन राहू शकतो का, एवढा हिशेब करा.

---

आकडेमोड

क्रमांक ३. 'उचलली' म्हणणं राजकारणाला ठीक. चिदंबरम यांनी अर्थसंकल्पाच्याच दिवशी अर्थमंत्र्यांनी आमचा जाहीरनामा वाचल्याचा आनंद आहे असा चिमटा काढला होता. पण दोन्ही शेजारी ठेवा.

पीएम इंटर्नशिप : २३ जुलै २०२४ ची घोषणा, पाच वर्षांत एक कोटी तरुण, आघाडीच्या ५०० कंपन्या. प्रायोगिक टप्प्यात वय २१ ते २४, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत, घरात कुणी कायम सरकारी नोकर नको, आयआयटी-आयआयएमचे पदवीधर, सीए आणि एमबीए वगळलेले. महिन्याला ५,००० : त्यातले ४,५०० सरकारचे, ५०० कंपनीच्या सीएसआरमधून (सामाजिक कामाच्या निधीतून). वर एकदाच ६,०००. वर्षाला एकूण ६६,०००. अप्रेंटिस कायद्याबाहेरची योजना, कंपनीला ऐच्छिक. म्हणजे ज्या एका शब्दावर वर एवढी चर्चा झाली, तो 'हक्क' इथे नाही.

आता पहिल्या फेरीचा गळतीचा हिशेब पाहा. सुमारे २८० कंपन्यांनी १.२७ लाख जागा दिल्या. ८२,००० हून अधिक प्रस्ताव गेले. २८,००० च्या वर उमेदवारांनी होकार दिला. रुजू झाले ८,७०० च्या आसपास. सरकारनेच सांगितलेली कारणं : जागा घरापासून लांब, कामाचं स्वरूप आवडलं नाही, बारा महिने फार वाटले. रोहयो_७७ यांच्या चाकणच्या खोलीचं हे उत्तर समजा. ५,००० मध्ये स्थलांतर होत नाही, आणि ८,३३३ मध्ये फार वेगळं चित्र दिसलं असतं असं मला वाटत नाही. प्रवास आणि निवास धरल्याशिवाय कुठल्याही पक्षाची ही कल्पना औद्योगिक पट्ट्यातल्या मुलांचीच राहील.

तिजोरीचा अंदाज : देशात दर वर्षी एक कोटीच्या वर विद्यार्थी उच्च शिक्षणाची पदवी-पदविका घेऊन बाहेर पडतात. सगळे मागणार नाहीत. निम्म्यांनी मागितली आणि निम्मा भार सरकारवर आला असं धरा. ५० लाख गुणिले ५०,००० म्हणजे वर्षाला २५,००० कोटी. मोठी रक्कम, पण अशक्य नाही. तुलनेसाठी, रोजगारनिर्मितीला जोडलेली जी प्रोत्साहन योजना मंत्रिमंडळाने जुलै २०२५ मध्ये मंजूर केली तिची तरतूद ९९,४४६ कोटींची आहे. पैसा जमेल. ५० लाख जागा कुठल्या, हे अवघड आहे.

---

पदवी_पडून

मुद्दा थोडा बाजूचा. आपल्या राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना याच रांगेत येते का? बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीला १०,०००. आधी सहा महिने होती, मग अकरा केली.

---

बोर्डाच्या_खिडकीतून

येते, आणि धडाही तोच देते. मुदत संपल्यावर पुढे काय हे आधी ठरवलं नाही की मुदतवाढीची आणि मग कायम करण्याची मागणी होते. सरकारी कार्यालयांत रुजू झालेल्या प्रशिक्षणार्थींनी तेच केलं. त्यात त्यांची चूक काय? वर्षभर टपाल, नोंदी, संगणक सगळं सांभाळल्यावर 'तुम्ही फक्त शिकत होता' हे कुणाला पटेल?

केंद्राच्या नॅट्स किंवा नॅप्समध्ये (अप्रेंटिसशिपच्या दोन सरकारी योजना) जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. पदवी-पदविकावाल्यांनी नॅट्स बघायचं. आपला विभाग मुंबईच्या अप्रेंटिसशिप प्रशिक्षण मंडळाकडे आहे, गोवाही त्यातच. एक वर्ष किंवा जास्त कामाचा अनुभव दाखवला तर अपात्र ठरता, म्हणून अर्जात जुनी कामं फुगवून लिहू नका. पोर्टलवर करार नोंदला जाईपर्यंत तुम्ही अप्रेंटिस नाही. कंपनीने 'उद्यापासून या, कागद मागाहून' म्हटलं तर ते महिने प्रमाणपत्रात धरले जात नाहीत. पैसे अडण्याचं सगळ्यात मोठं कारण : खात्याला आधार 'जोडलेलं' असणं आणि डीबीटीसाठी (थेट खात्यात येणाऱ्या सरकारी पैशांसाठी) 'सीड' असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारी वाटा शेवटच्या सीड केलेल्या खात्यात जातो. शाळेतल्या शिष्यवृत्तीचं जुनं खातं सीड राहिलं असेल तर पैसे तिकडे जमा होतात आणि उमेदवार कंपनीच्या नावाने बोटं मोडत बसतो.

---

सदाशिव_पेठी

अग्निपथवर कुणीच बोललं नाही. तो तर विरोधी पक्षनेत्याचा सगळ्यात टोकदार मुद्दा.

---

आकडेमोड

थोडक्यात. पगार चार वर्षांत ३०,०००, ३३,०००, ३६,५००, ४०,०००. यातले ३० टक्के सेवा निधीत, म्हणजे पहिल्या वर्षी हातात २१,०००. चार वर्षांची कपात होते ५.०२ लाख, तेवढेच सरकार घालतं, व्याजासह सुमारे ११.७१ लाख. निवृत्तिवेतन आणि ग्रॅच्युइटी नाही. २५ टक्क्यांपर्यंत पुढे कायम.

१ जुलै २०२४ च्या लोकसभेतल्या भाषणात राहुल गांधींनी शहीद अग्निवीराच्या घरच्यांना भरपाई मिळत नाही असं म्हटलं, राजनाथ सिंह यांनी तिथेच एक कोटी मिळतात असं सांगितलं. दोघांच्या मधली गोष्ट अशी की ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचं सानुग्रह अनुदान, उरलेल्या मुदतीचा पगार आणि सेवा निधी धरून रक्कम कोटीवर जाते, पण नियमित जवानाच्या कुटुंबाला आयुष्यभर मिळणारं निवृत्तिवेतन त्यात नाही. भरपाई नाही म्हणणं चूक, समान आहे म्हणणंही चूक. पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून भरतात. ७५ टक्क्यांना पोलीस आणि निमलष्करी दलांत किती जागा मिळाल्या हे तेव्हा दिसेल.

पेपरफुटी : केंद्राचा कायदा फेब्रुवारी २०२४ मध्ये संसदेत मंजूर झाला, म्हणजे जाहीरनाम्याच्या आधी. लागू झाला २१ जूनला, नीटचा गोंधळ आणि यूजीसी-नेट रद्द होण्याच्या धामधुमीत. संघटित गुन्ह्याला ५ ते १० वर्षं आणि किमान एक कोटी दंड. जाहीरनाम्यात त्यापलीकडे दोनच गोष्टी होत्या, जलदगती न्यायालयं आणि पीडित उमेदवारांना आर्थिक भरपाई. दुसरी मला महत्त्वाची वाटते. परीक्षा रद्द झाली की गेलेलं वर्ष कुणीच मोजत नाही.

शुल्कमाफीबद्दल फार भरून येऊ नका. यूपीएससी आणि एसएससीचं शुल्क १०० रुपये आहे, महिलांना तेही नाही. खिसा रिकामा करतात त्या राज्याच्या सरळसेवा. २०२३ च्या तलाठी भरतीला १,००० आणि ९०० रुपये होते, अर्ज दहा लाखांच्या वर. ते शुल्क दिल्लीचा जाहीरनामा माफ करू शकत नाही.

---

मोडी_वाचक

सगळ्यांचे आभार. पदवीधराचा १,०८,००० चा गुणाकार आणि दंडाचा १०,५०० चा हिशेब, हे दोन घेऊन जातो. शेवटची शंका : फेब्रुवारी २०२५ च्या भाषणात राहुल गांधींनी जीडीपीतला वस्तुनिर्माणाचा (मॅन्युफॅक्चरिंगचा) वाटा २०१४ च्या १५.३ वरून १२.६ टक्क्यांवर आला असं सांगितलं. समोरचा '१७ टक्के आहे' म्हणाला तर?

---

आकडेमोड

दोघंही खोटं बोलत नसतील. जीडीपीच्या टक्केवारीत, चालू किमतींवर बघितलं तर १३ च्या आसपास, जागतिक बँकेची मालिका तीच दाखवते. स्थिर किमतींवर (महागाई वगळून) सकल मूल्यवर्धनाच्या टक्केवारीत बघितलं तर १७ च्या आसपास. छेद आणि किमतींचा पाया विचारा, मग बोला. त्याच भाषणात त्यांनी यूपीए आणि एनडीए या दोघांनीही तरुणांना रोजगारावर स्पष्ट उत्तर दिलं नाही अशी कबुली दिली होती. विरोधी बाजूने बोलणाऱ्याने ते आधीच स्वतःहून सांगून टाकावं, नाहीतर समोरचा २०१४ च्या आधीची दहा वर्षं काढतोच.